हाफला सोबत पळायचं ठरलेलं, चौदाव्या किलोमीटरला मित्राला सोडून पुढे गेलो. चुकलं का?

दमछाक_पणजी | रविवार, रात्री ९:१२

मंडळी, लांबडं लिहिणार आहे, आधीच सांगतो. आज सकाळी इथली विंटर हाफ मॅरेथॉन झाली, आमची पहिली हाफ. २१.०९७५ किलोमीटर. ते वरचे साडेसत्त्याण्णव मीटर कोणी लावून ठेवलेत त्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त (नाव नको, तो इथे अधूनमधून वाचतो) ऑगस्टपासून तयारी करत होतो. म्हणजे भर पावसात मिरामार ते दोनापावल, चपचप आवाज करणारे शूज घालून. सप्टेंबरात दहा, ऑक्टोबरात चौदा, मग नोव्हेंबरात कॉजवेवरून रायबंदर गाठून परत असे सतरा-अठराचे लाँग रन. चोवीस नोव्हेंबरला जुन्या गोव्यात नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू झाल्या आणि पहाटेपासून तिकडे गाड्यांची आणि चालत जाणाऱ्यांची रांग, मग आम्ही कांपाल-मिरामारच्याच फेऱ्या मारत बसलो. सगळं सोबत. एकदाही एकटा पळालो नाही मी. ठरलं होतं की अडीच तासात दोघं मिळून फिनिश, हात वर करून फोटो.

आज पहाटे सव्वाचारला तो मला घ्यायला आला, त्याच्या स्कूटरवर. डोळे लाल, कानामागे काहीतरी लाल लागलेलं, मला वाटलं देवळात जाऊन आला असेल. साडेपाचला सुटलो. पहिले पाच ३३:२० मध्ये. मला हवेत असल्यासारखं वाटत होतं, तो गप्प होता. नेहमी हा माणूस पळताना इतकं बोलतो की मला "ऐकतोय रे" म्हणायलाही दम उरत नाही, आणि आज गप्प. दहानंतर चढण आली तिथे तो मागे पडायला लागला, मी थांबायचो, तो यायचा, परत मागे. चौदाच्या बोर्डाजवळ त्याच्या पोटरीत गोळा आला. रस्त्याकडेला कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तू जा." मी म्हटलं नाही. तो म्हणाला "जा रे, डोकं खाऊ नको." आणि मी गेलो.

गेलो म्हणजे काय, दोन मिनिटं चालत मागे बघत गेलो, मग पळालो. २:३१:४८. अडीच तर नाहीच झाले. तो २:५८ ला आला. आणि मधली सव्वीस मिनिटं मी ओल्या बनियनवर, गळ्यात मेडल घालून, फिनिशजवळ भिकाऱ्यासारखा उभा, कारण स्कूटरची चावी, माझा फोन आणि दोघांचे पैसे हे सगळं त्याच्या कमरेच्या पट्ट्यात. आल्यावर तो हसला, फोटो काढला, मला घरी सोडलं. पण वाटेत एक शब्द नाही. आता मेसेज टाकला तर निळी टिक येते, उत्तर नाही.

चुकलं का माझं? खरं सांगा.

---

रायबंदरकर | रविवार, रात्री ९:४०

आधी अभिनंदन. पहिल्या हाफला २:३१ म्हणजे काही कमी नव्हे.

आता हिशेब बघ. अडीच तासाला पेस (म्हणजे एका किलोमीटरचा वेळ) लागतो ७:०६ च्या आसपास. पाच किलोमीटर म्हणजे साडेपस्तीस मिनिटं. तुम्ही ३३:२० मध्ये गेलात, म्हणजे ६:४० चा पेस. पाचातच दोन मिनिटांनी पुढे, आणि बाजूचा गप्प. जो माणूस रोज बोलत पळतो तो गप्प झाला की समजायचं त्याचा दम वर गेलाय, घड्याळ बघायची गरजच नाही. सोडलंस चौदाला, पण चूक पहिल्या पाचातली आहे. मला म्हणशील तर तू पुढे गेलास ते ठीक, पुढे ओढलंस ते वाईट.

---

पुण्याचा_पाहुणा | रविवार, रात्री ९:५८

अवांतर: गोव्यात "विंटर" हाफ? तिकडे थंडी असते का हो? 😄

---

रायबंदरकर | रविवार, रात्री १०:०५

या ना एकदा पळायला, सांगतो. डिसेंबरात पहाटे पणजीत वीस-एकवीस डिग्री असतं, तुमच्या पुण्यासारखे दहा-अकरा नव्हे हे कबूल. पण खाडीची हवा. घाम येतो आणि वाळतच नाही, नुसता ठिबकतो. घाम वाळला तरच अंग गार होतं, ठिबकून नव्हे. म्हणून तुमचे बरेच पुणेकर इथे येऊन पहिले आठ किलोमीटर "काय मस्त समुद्र" म्हणतात आणि पंधराला नारळवाल्यापाशी बसलेले दिसतात. पावणेसातनंतर ऊन आलं की तर विचारूच नका.

---

पुण्याचा_पाहुणा | रविवार, रात्री १०:११

मी तोच. पंधरा नव्हे, तेराला बसलो होतो. दोन वर्षांपूर्वी. आड्सर की काय म्हणता तुम्ही, ती दोन प्यायलो.

---

मांडवीची_मुलगी | रविवार, रात्री १०:३०

मला हा प्रश्नच जरा वेगळा दिसतोय. तुम्हा पुरुषांचं "सोबत" म्हणजे फोटो आणि टायमिंग. माझी पार्टनर नसेल तर मी पावणेपाचला दाराबाहेर पाऊलच टाकू शकत नाही. सांतइनेजहून बाहेर पडायचं, काळोख, चौकातली ती पाच कुत्री, आणि मासळीची गाडी येते तिचा ड्रायव्हर हॉर्न मारून बघतो ते वेगळंच. दोघी असलो की कुत्रीसुद्धा बसून राहतात, खरंच. त्यामुळे आम्ही सरावात एकमेकींना कधीही सोडत नाही, पाय दुखला तर दोघी चालत परत. पण रेसच्या दिवशी रस्त्यावर शेकडो माणसं, पोलिस, अँब्युलन्स सगळं असतं, तिथे ती तिची आणि मी माझी. हे आम्ही पहिल्याच महिन्यात स्पष्ट बोलून घेतलं. कुठे भेटायचं तेही. आणि आपापली चावी आपापल्या शूच्या लेसला बांधायची, दुहेरी गाठ मारून.

तुम्ही दोघं चार महिने पळालात आणि हे एकदाही बोलला नाहीत?

---

दमछाक_पणजी | रविवार, रात्री १०:४४

नाही बोललो. बोलायचं असतं हेच सुचलं नाही. तो कायम बाजूलाच असायचा ना.

---

पोटरीवाली_फिजिओ | सोमवार, सकाळी ७:२०

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून थोडं. गोळा आला की लोक लगेच म्हणतात मीठ कमी पडलं, केळं खा, इलेक्ट्रल पी. इतकं सोपं नाहीये ते. पळताना येणारा क्रॅम्प बहुतेक वेळा थकलेल्या स्नायूचा असतो, म्हणजे सवयीपेक्षा जास्त जोर, जास्त वेळ. म्हणून तो शेवटच्या टप्प्यात येतो आणि जे सुरुवातीला उधळतात त्यांना जास्त येतो. त्या क्षणी उपाय एकच, थांबून स्नायू हळू ताणायचा. पोटरी असेल तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढायची. रस्त्यात उभं राहून केळं सोलण्यात अर्थ नाही, ते पोटात उतरून स्नायूपर्यंत जाईपर्यंत गोळा आपोआप गेलेला असतो.

पाण्याचंही तसंच. तहान लागेल तसं प्या. प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी ढोसणारे लोक मी बघते. अडीच-तीन तास नुसतं साधं पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस म्हणतो पाणी कमी पडलं म्हणून आणखी पितो. ते जिवावर बेतू शकतं. तुझ्या मित्राला मळमळ होती का? नसेल तर पोटरीपुरतंच आहे. आज उद्या जिने उतरताना रडू येईल, ते नॉर्मल. पण एकाच पोटरीत सूज, गरमपणा आणि दुखणं वाढतच असेल तर घरी तेल चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि झोप नीट झाली होती का त्याची?

---

दमछाक_पणजी | सोमवार, सकाळी ८:०२

मळमळ नव्हती. झोप झाली होती, रात्री साडेनऊला त्याचा मेसेज आला होता "झोपतो रे, सव्वाचारला येतो".

---

ताळगावची_काकू | सोमवार, सकाळी १०:१५

बाबांनो मी पळत नाही, चालते. पण तुम्ही लोक आदल्या दिवशी काय खाता ते मला माहीत आहे, माझा मुलगाही ह्यातलाच. कोणीतरी सांगतं पास्ता खा, मग हा जन्मात पास्ता न खाल्लेला माणूस शनिवारी रात्री पास्ता खातो आणि रविवारी पहाटे बाथरूममध्ये. अरे आपली उकड्या तांदळाची पेज आहे की. दुपारी शीत-कढी (भात-कढी) पोटभर, रात्री लवकर पेज आणि बरोबर लोणचं. सकाळी पोदेर (पाववाला) यायच्या आधी तुम्ही निघता म्हणून आदल्या संध्याकाळची पोळी ठेवायची, मध लावून अर्धी खायची. माझा मुलगा तेवढंच खातो आणि जातो.

---

पोटरीवाली_फिजिओ | सोमवार, सकाळी १०:४०

काकू शंभर टक्के बरोबर. नवं काहीही रेसच्या दिवशी नको, ना खाणं, ना शूज, ना मोजे. दीड तासाच्या वर पळणार असाल तर वाटेत तासाला तीसेक ग्रॅम साखर पोटात जायला हवी, साठपर्यंत चालते. एनर्जी जेल परवडत नसेल तर खजूर. पण तेही सरावात खाऊन बघितलेले.

---

तोच_तो | सोमवार, दुपारी १:३७

नमस्कार. मी तो चौदाव्या किलोमीटरचा मित्र. खातं आत्ताच उघडलं, पासवर्ड विसरलो होतो.

एक म्हणजे चौदा नव्हे, तेराच्या थोडं पुढे. बोर्ड चौदाचा दिसत होता, आम्ही तिथे पोचलो नव्हतो. आपल्या घड्याळाचा आकडा आणि रस्त्यावरचा बोर्ड कधीच जुळत नाही हे त्याला चार महिने सांगतोय.

दुसरं. मी रागावलेलो नाहीये. मी उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळेना. फिजिओबाय, तुम्ही झोपेचं विचारलंत तेव्हा ऑफिसात माझ्या घशाशी चहा आला.

शनिवारी आमच्या गावात (फोंडा तालुका) देवळाचा कालो (उत्सव) होता आणि नाटक होतं. मी त्यात होतो. तीन वर्षं टाळतोय, यंदा काका म्हणाला की तू नाही म्हटलंस तर राजा कोण करणार, आणि राजाचा कोट दुसऱ्या कोणाला होत नाही. साडेनऊला "झोपतो रे" हा मेसेज मी तोंडाला रंग लावून रंगपटातून टाकला. साडेअकराला पडदा वर. नशीब दुसऱ्या अंकात मला मारतात. मेल्यावर पंधरा मिनिटं स्टेजवर निपचित पडून होतो, तेवढीच त्या रात्रीची विश्रांती, खोटं नाही सांगत. मग खाजं खाल्लं, रंग पुसला, पावणेदोनला गावातून निघालो, घरी पोचून तास-सव्वा तास पाठ टेकली आणि सव्वाचारला ह्याच्या दारात. कानामागचं लाल ते कुंकू नव्हे रे, ते माझं रक्त होतं. दुसऱ्या अंकातलं.

ह्याला सांगितलं असतं तर हा म्हणाला असता "मग येऊ नको", किंवा आला असता आणि पूर्ण वेळ माझ्यासोबत चालला असता. दोन्ही नको होतं मला. चार महिने त्या २:३० साठी तो गूळ सोडून बसलाय.

---

दमछाक_पणजी | सोमवार, दुपारी १:५२

तू

तू तलवार घेऊन तीन तास उभा होतास आणि तिथून येऊन हाफ पळालास?

---

तोच_तो | सोमवार, दुपारी १:५५

तीन नव्हे, दोन. सांगितलं ना, दुसऱ्या अंकात मेलो.

---

मांडवीची_मुलगी | सोमवार, दुपारी २:१०

मी ऑफिसात मोठ्याने हसले आणि आता सगळे बघतायत.

---

रायबंदरकर | सोमवार, दुपारी २:३०

माझा वरचा हिशेब मी मागे घेत नाही, ६:४० चा पेस चुकीचाच होता. पण जन्मात पहिल्यांदा "राजाचा वध झाला" हे कारण डीएनएफच्या (शर्यत अर्धवट सोडण्याच्या) इतक्या जवळ ऐकलं.

बाकी तोच_तो, २:५८ मध्ये आलास म्हणजे गोळा आल्यावरचे सात-साडेसात किलोमीटर तू ऐंशीएक मिनिटांत काढलेस, म्हणजे नुसतं चालला नाहीस, मधूनमधून पळालास. कसं केलंस?

---

तोच_तो | सोमवार, दुपारी ३:०४

विजेचे खांब मोजले. दोन खांब पळायचं, तीन खांब चालायचं. मागून एक साठीचे गृहस्थ येत होते, ते म्हणाले "बाब, दमून चालू नको, दमायच्या आधी चाल". मग त्यांच्याबरोबरच आलो. शेवटच्या पाण्याच्या टेबलावर पाणी संपलेलं, ग्लास तेवढे उरलेले, त्यांनी आपल्या बाटलीतलं अर्धं दिलं. आयोजकांना काय बोलायचं ते फीडबॅकमध्ये लिहिलंय.

खरं सांगू का, हा पुढे गेल्यावर मला बरं वाटलं. तो थांबून मागे बघायचा ना दर दोन मिनिटांनी, चेहऱ्यावर "येतोयस ना?" असं, त्याने मी जास्त थकत होतो. प्रत्येक वेळी मी हसून अंगठा दाखवायचो. एक तर पोटरी, त्यात अभिनय. अभिनय आदल्या रात्रीच संपलेला.

---

पोटरीवाली_फिजिओ | सोमवार, दुपारी ३:४०

ते साठीचे गृहस्थ बरोबर बोलले. ठरवून पळणं-चालणं ही जुनी मान्य पद्धत आहे, जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकन धावपटू (१९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळाला होता) त्याने ती नवशिक्यांसाठी रूढ केली. मुद्दा तोच, पहिल्या किलोमीटरपासून चालायचे ब्रेक घ्यायचे, पाय संपल्यावर नव्हे. दोघांचा वेग वेगळा असेल तर सोबत राहायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे. वेगवान माणसाचा अहंकार तेवढा आडवा येतो.

आणि तास-सव्वा तास झोपेवर परत असलं काही करू नका. तुमचं नशीब की फक्त पोटरी गेली. त्याहून भयंकर म्हणजे रात्री पावणेदोनला त्या डोळ्यांनी फोंड्याहून स्कूटर चालवत आलात.

---

ताळगावची_काकू | सोमवार, संध्याकाळी ५:२०

मला तर ह्या राजाच्या आईचा फोन नंबर पाहिजे.

---

पुण्याचा_पाहुणा | सोमवार, संध्याकाळी ६:००

साडेसत्त्याण्णव मीटरचं कोणी सांगितलंच नाही. फुल मॅरेथॉन ४२.१९५ ची, त्याचं निम्मं म्हणून तुमचं २१.०९७५. आणि ४२.१९५ आलं १९०८ च्या लंडन ऑलिंपिकवरून. शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपवली, ते अंतर तेवढं भरलं. १९२१ मध्ये तेच कायम केलं. तेव्हा दमछाकराव, तुम्हाला ज्याला भेटायचंय तो राजाच आहे. तुमच्याकडे एक ऑलरेडी आहे म्हणा.

---

दमछाक_पणजी | सोमवार, रात्री ९:३०

आत्ता त्याच्याकडून आलो. जिना उतरताना दोघं कठडा धरून उलटे उतरत होतो, त्याची आजी म्हणाली ह्यांना दृष्ट लागली.

चुकलं ते मला आता वेगळंच वाटतंय. मी त्याला सोडलं ह्यापेक्षा, शनिवारी त्याच्या गावात कालो आहे हे मला माहीतच नव्हतं. चार महिने आठवड्यातून चार दिवस बाजूला पळतोय हा माणूस, नाटकाच्या तालमी चालल्यात हे तो बोललाही असणार, इतकं बोलतो, आणि मी त्या वेळी घड्याळात पेस बघत "ऐकतोय रे" म्हणत असणार. विचारलं त्याला. म्हणाला तीनदा सांगितलेलं. एकदा तर रायबंदरच्या फेरी धक्क्याजवळ थांबून अख्खा संवाद म्हणून दाखवलेला, आणि मी म्हटलेलं, "हार्ट रेट बघ किती खाली आला."

रायबंदरकर, हे तुमच्या हिशेबात बसवा कुठेतरी.

---

रायबंदरकर | सोमवार, रात्री ९:५०

नाही बसत. पुढची कधी?

---

तोच_तो | सोमवार, रात्री १०:१५

दोन आठवडे काही नाही, फक्त चालणं. मग मांडवीची_मुलगी म्हणतात तसं, सराव सोबत, रेस आपापली, आणि फिनिशनंतर सामानाच्या काउंटरपाशी भेटायचं असं ठरलंय. मला २:४५ पुरे. त्याला त्याचे २:३० लखलाभ.

ह्या रविवारी सकाळी सहाला मिरामार सर्कलपाशी येतोय, दोनापावलपर्यंत चालत जाऊन परत, कोणाला यायचं तर या. घड्याळ घालून आलेल्याला भाजीपाव मिळणार नाही. मला शिवरात्रीच्या नाटकातही काम आहे, संवाद पाठ करायचेत, त्याने समोरच्याचं काम वाचायचं असं कबूल करून घेतलंय.

---

मांडवीची_मुलगी | सोमवार, रात्री १०:२२

आम्ही दोघी येतो. शिवरात्रीला कितव्या अंकात मरताय?

---

तोच_तो | सोमवार, रात्री १०:२४

ह्यावेळी शेवटपर्यंत आहे. प्रधान.